पाचूचा पाऊस

शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या पुढ्यात पाण्याची वाटी ठेवली, तर बहुधा तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. साचलेलं, न हलणारं पाणी त्याच्या जगात नसतंच. पानाच्या टोकाशी लोंबणारा, उजेडात चमकणारा थेंब मात्र त्याला लांबून दिसतो. तो चाटायचा, मग शेजारच्या पानावरचा, मग त्याखालचा. सगळा जन्म झाडावर काढणाऱ्या प्राण्याची तहान अशीच भागायची. त्यामुळे ज्या घरात शॅमेलिऑन आहे त्या घरात रोज पाऊस पाडावा लागतो, आणि घरात पाऊस पाडला की त्यातलं पाणी जातं कुठे हे कोणीतरी बघावं लागतं. आमच्या घरी ते मी बघते.

आमच्या शॅमेलिऑनचं नाव पाचू. लेकीने ठेवलंय, माझ्या आईच्या अंगठीतल्या खड्यावरून. तो येमेनी जातीचा. इथे अमेरिकेत त्याला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात, शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रॅटस. हिरव्या अंगावर पिवळे पट्टे, डोक्यावर उंच टोकदार तुरा, आणि दोन दिशांना दोन वेगळ्या गोष्टी बघत फिरणारे डोळे. इथल्याच एका पैदास करणाऱ्या माणसाकडे तो अंड्यातून निघाला. जंगलातून पकडलेला प्राणी घरात आणायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. नर नीट सांभाळला तर सहा-आठ वर्षं जगतो. म्हणजे लेक कॉलेजला गेली तरी हा माझ्याजवळच असणार, हेही मी तेव्हाच धरून चालले होते.

आम्ही ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो. भाड्याचं घर, वरचा मजला, खाली दुसऱ्यांचा संसार. बैठकीच्या कोपऱ्यात, एका भक्कम टेबलावर पाचूचा पिंजरा: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच, ॲल्युमिनियमची चौकट आणि चारही बाजूंनी बारीक जाळी. घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो की काचेची पेटी का नाही घेतली? पाणी बाहेर येणार नाही, दिसेलही छान. प्रश्न रास्त आहे. पण कोंदट, ओलसर, न हलणारी हवा शॅमेलिऑनला मानवत नाही. त्याची छाती भरते. तो तोंड उघडं टाकून, मान वर करून श्वास घ्यायला लागतो, आणि ते आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, कारण हा प्राणी दुखणं लपवतो. युरोपात काचेच्या पेट्यांतही शॅमेलिऑन उत्तम वाढवतात, पण त्या पेट्यांना पुढे खालच्या बाजूला हवा आत घेणारी पट्टी असते आणि वर जाळी असते. हवेची ये-जा महत्त्वाची. जाळीच्या पिंजऱ्यात ती आपोआप होते, म्हणून अमेरिकेत तो चालतो.

आता यातली अडचण उघड आहे. ज्या भोकांतून हवा जाते त्याच भोकांतून पाणीही जातं.

येमेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं. पाचूचे पूर्वज मात्र नैऋत्य येमेनच्या डोंगरांतले आणि त्याला लागून असलेल्या सौदी अरेबियातल्या असीरच्या पट्ट्यातले. इब्ब शहराच्या आसपास डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, हिरवीगार. इथल्याच डोंगरांतली कॉफी मोखा बंदरातून जगभर गेली. मार्च ते मे आणि पुन्हा जुलै ते सप्टेंबर असे पावसाचे दोन हंगाम, म्हणजे दुसऱ्या हंगामात आपल्याकडेही पागोळ्या गळत असतात. त्याच देशातलं एडन १८३९ पासून जवळपास शंभर वर्षं, १९३२ पर्यंत, मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. हे वाचलं तेव्हा मला हा प्राणी उगाचच थोडा आपल्याकडचा वाटायला लागला.

त्या डोंगरांत रात्री गारठा पडतो, धुकं चढतं, पहाटे पानं दवाने ओथंबतात. मग ऊन वर आलं की सगळं सुकतं आणि दिवसभर कोरडं राहतं. रात्र ओली, दिवस कोरडा, हे त्याचं वेळापत्रक. आमच्या घरचा पाऊसही म्हणूनच पहाटे, दिवे लागायच्या आधी पडतो, आणि दुसरी सर संध्याकाळी दिवे मालवायच्या सुमाराला. टेबलाखाली पाण्याची टाकी आणि छोटा पंप, तिथून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी पिंजऱ्याच्या माथ्यावर, आणि दोन कोपऱ्यांत दोन नोझल. ज्यांनी गावाकडे ठिबक किंवा पॉलिहाऊसमधले फॉगर बघितलेत त्यांना हे काही नवीन नाही. पाणी गाळलेलं, क्षार काढलेलं लागतं; नळाच्या पाण्यातल्या क्षाराने नोझलचं केसाएवढं भोक बुजतं आणि फवारा वाकडातिकडा उडायला लागतो. टाकी नेहमी नोझलच्या खाली ठेवायची. ती वर ठेवली तर पंप बंद झाल्यावरही पाणी आपल्या वजनाने उतरत राहतं आणि अख्खी टाकी पिंजऱ्यात रिकामी होते.

फवारा सुरू झाला की पाचू लगेच पाणी पीत नाही. आधी तो फांदीला घट्ट धरून बसतो. मग डोळे आत ओढतो, फिरवतो, पुन्हा बाहेर काढतो. पाण्याने डोळे धुऊन घ्यायची ही त्याची पद्धत. काही मिनिटं अशीच जातात. मग कुठेतरी नाकाच्या टोकावरून ओघळणारा थेंब त्याच्या ओठाशी येतो, आणि त्याची जीभ हलते. एकदा प्यायला लागला की बराच वेळ पितो, सावकाश, मधेमधे थांबून, जबडा उघडझाप करत. कोणी रोखून बघत असलं तर थांबतो. हे सगळं जवळून पाहिल्यामुळे मला एक गोष्ट पक्की कळली आहे. पंधरा-वीस सेकंदांचा फवारा फक्त पानं ओली करतो; प्राण्याला पाणी मिळायचं तर सर नीट, सलग काही मिनिटं पडायला हवी. आणि तशी सर पडली तर जाळीबाहेर पाणी येणारच.

ते येतं कसं, हे मी पुष्कळ निरखलंय. सगळ्यांना वाटतं की थेंब जाळीतून थेट बाहेर उडतात. उडतात, पण तो खरं तर लहान हिस्सा. जास्त पाणी येतं ते ओघळून. फवारा जाळीवर बसला की जाळीच्या एकेका चौकोनात पाण्याचा पडदा धरतो. पडदे एकमेकांना मिळतात, जड होतात आणि खाली घसरतात. घसरताना पाणी जाळीच्या आतल्या अंगाने जातं तितकंच बाहेरच्या अंगानेही जातं. बाहेरचं पाणी चौकटीच्या खालच्या पट्टीपर्यंत येतं, पट्टीच्या कडेवरून वळतं, पिंजऱ्याच्या तळाखाली चिकटून आत सरकतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. तिसरा मार्ग पानांचा. फवारा जवळच्या रुंद पानावर आपटला की त्याचे तुषार उलट दिशेने, आपण जिथे अपेक्षाच केलेली नसते तिथे उडतात. पिंजऱ्याभोवती तपकिरी कागद अंथरून एक सर पडू दिली की सगळं दिसतं, ओला डाग गडद होतो आणि नकाशाच तयार होतो. कोणालाही काहीही खरेदी करायच्या आधी मी हे करायला सांगते. थेंबांचे सुटे ठिपके दिसले तर फवाऱ्याची दिशा बघायची. सरळ रेषेत डाग दिसला तर ओघळ बघायचा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

हे इतकं मन लावून करायचं कारण आमची जमीन आणि भिंती. इथल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या बोर्डाच्या, दोन्ही बाजूंना कागद. त्या कागदाला पाणी लागत राहिलं की आतून बुरशी धरते आणि बाहेरून रंग तसाच दिसत राहतो. जमीन लॅमिनेटची, सांध्यात पाणी गेलं की फळीच्या कडा फुगून वर येतात आणि पुन्हा कधी बसत नाहीत. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवली तर बुरशी बहुतेक वेळा धरत नाही. आमच्याकडे पाऊस रोज दोनदा. म्हणजे जे एकदा ओलं झालं ते वाळायला वेळच मिळत नाही. शिवाय खाली लोक राहतात, त्यांच्या छतावर डाग यायला नको. आणि वीज तर आहेच. पिंजऱ्याच्या वर दोन दिवे, खाली पंप, मधे पाणी. पंपाची आणि दिव्यांची वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी मी तिला खाली एक झोळ दिला आहे, म्हणजे वायरीवरून घसरत आलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, सॉकेटपर्यंत चढत नाही. सॉकेटही न्हाणीघरात असतं तसं, विजेची जरा गळती झाली की स्वतःहून बंद पडणारं. यात काटकसर करू नये.

आणि आता जे मला सांगायचं आहे ते. या सगळ्या त्रासावर लोक सर्वांत सोपा उपाय करतात: पाऊस कमी करतात. पाच मिनिटांची सर एक मिनिटावर आणतात, दोनदाची एकदा करतात, फवाऱ्याऐवजी हातातल्या बाटलीने दोन पिचकाऱ्या मारतात. जमीन कोरडी राहते आणि पिंजऱ्यात एक प्राणी हळूहळू सुकत जातो. शॅमेलिऑन ओरडत नाही, वाटी ढकलत नाही, दाराशी येऊन मागत नाही. त्याचे डोळे किंचित खोल जातात. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग पिवळा, मग नारिंगी व्हायला लागतो. महिनोन् महिने असं चाललं की मूत्रपिंडं जातात, आणि मूत्रपिंडं गेली की डॉक्टरच्या हातात फारसं काही राहत नाही. जमिनीसाठी पाऊस कापणं मला सहन होत नाही. ज्या प्राण्याला आपण त्याच्या डोंगरातून, त्याच्या धुक्यातून तोडून एका चौकटीत ठेवलं, त्याच्या वाट्याचं पाणी तरी आपण मोजूनमापून आखडतं घेऊ नये. पाणी पडू द्यावं. पडल्यावर त्याने कुठून जायचं ते आपण ठरवावं.

हे ठरवण्यात मला सर्वांत मोठी मदत झाली बाबांची. आमचं गाव राजापूरजवळ. मागच्या उन्हाळ्यात बाबा इथे राहायला आले होते. आयुष्यभर कौलारू घर सांभाळलेला माणूस. मृगाच्या आधी घर शाकारून घ्यायचं, फुटकी कौलं बदलायची, कोनवाशाजवळची जागा डोळ्यांत तेल घालून तपासायची, आणि पडवीच्या पश्चिमेच्या अंगाला झावळांची झापं बांधायची. वाऱ्याबरोबर आत येणारी झड अडवली नाही तर पडवीत ठेवलेलं लाकूडफाटा, गवत, सगळं भिजतं. पण पडवी गच्च बंद केली तर आत ओल कोंडते आणि त्याच लाकडांना भुरी येते. म्हणून झाप खाली जोत्यापर्यंत टेकवायचं नाही आणि वर वाशाला घट्ट चिकटवायचंही नाही.

बाबांनी पाचूकडे आधी संशयाने बघितलं, मग कौतुकाने. एका पहाटे ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, पूर्ण सर पडेपर्यंत काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "अगो, ही तर झड आहे. फक्त उलटी. आपल्याकडे बाहेरची आत यायची, तुझ्याकडे आतली बाहेर जाते."

"म्हणजे काय करू?" मी विचारलं.

"वर काय बघतेस सारखी? पाणी खाली कुठे उतरतं ते बघ. कौल कसं घालतात? वरचं खालच्यावर चढतं, म्हणजे पाणी वरच्यावरून खालच्यावर पडतं, मधे शिरत नाही. तुझ्या इथे जे काय लावशील त्याचं खालचं टोक पाणी जिथे जायला पाहिजे त्याच्या आत सोड. बाकी राहू दे."

यापुढचं सगळं काम याच एका वाक्यावर उभं आहे.

पिंजऱ्याच्या तीन बाजूंना, मागे आणि दोन्ही अंगांना, जाड पारदर्शक प्लास्टिकचे पडदे लावले. न्हाणीघराचा शॉवरचा पडदा असतो तसलं प्लास्टिक, पण जरा कडक. प्रश्न असा होता की ते आतून लावायचं की बाहेरून. आतून लावलं तर पाणी जाळीपर्यंत पोचतच नाही, हा मोठा फायदा. पण पाचू जाळीवर चढतो, त्याला गुळगुळीत प्लास्टिकवर पकड मिळत नाही, आणि कडेला त्याला खायला सोडलेले अळ्या-किडे प्लास्टिकमागे जाऊन बसतात आणि तिथेच मरतात. म्हणून बाहेरून. बाहेरून लावताना प्लास्टिक जाळीला टेकू द्यायचं नाही. टेकलं की मधे पाणी धरून राहतं, कधीच वाळत नाही, आणि थोड्याच दिवसांत तिथे हिरवट चिकट थर येतो. जाळी आणि प्लास्टिक यांच्यात अर्धा इंच फट हवी. त्यासाठी चौकटीच्या कडांना लाकडाच्या बारीक रिपा लावल्या आणि त्यांवर प्लास्टिक ताणलं. रिपा बाबांनी स्वतः कापून, तासून, वॉर्निश मारून दिल्या. दुकानातल्या रिपा त्यांना पसंत नव्हत्या.

खालचं टोक ही खरी गोष्ट. पिंजऱ्याखाली त्याच्यापेक्षा सगळीकडून तीन-चार इंच मोठा, काठ असलेला ट्रे. प्लास्टिकचं खालचं टोक ट्रेच्या काठाच्या आत उतरतं. उडालेला थेंब प्लास्टिकवर आपटतो, प्लास्टिकवरून ओघळतो, ट्रेत पडतो. जाळीच्या बाहेरून आलेला ओघळही ट्रेतच पडतो. पिंजरा ट्रेवर थेट न ठेवता चार ठोकळ्यांवर उचलला आहे, म्हणजे तळाखाली चिकटून सरकणारं पाणी दिसतं आणि पुसता येतं. पिंजऱ्याचा मूळ तळ सपाट होता, त्यावर पाणी तळं करून राहायचं. बाजारातले बहुतेक पिंजरे असेच सपाट तळाचे येतात. इतकं पाणी लागणाऱ्या प्राण्याचा पिंजरा बनवताना पाण्याला बाहेर पडायची वाट कोणी कशी ठेवत नाही, हे मला आजही समजत नाही. त्या तळाच्या मध्यावर भोकं पाडली, ट्रेला मागच्या बाजूला किंचित चढ दिला, पुढच्या कोपऱ्यात एक निचऱ्याची नळी बसवली, सांधा सिलिकॉनने बंद केला, आणि नळी टेबलाखालच्या झाकणाच्या बादलीत सोडली. बादली रोज रिकामी होते, झाडांना जाते. ट्रेत पाणी साचू द्यायचं नाही. साचलेल्या पाण्यात किडे बुडतात, कुजतात, आणि वास येण्याआधीच जंतू वाढलेले असतात.

बादलीचा एक फायदा नंतर कळला. टाकीतून किती पाणी गेलं आणि बादलीत किती आलं याचा हिशेब घालता येतो. थोडं कुंड्यांतल्या मातीने घेतलं, थोडं हवेत गेलं, थोडं पाचू प्याला. ही तूट नेहमी साधारण तेवढीच राहते. एखाद्या आठवड्यात ती अचानक वाढली की कुठेतरी पाणी वाट चुकलं आहे, हे जमीन ओली दिसायच्या आधीच कळतं. ओल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

फवाऱ्याची दिशा बदलल्यानेही पुष्कळ फरक पडला. नोझल कोपऱ्यांत ठेवून ती समोरच्या भिंतीकडे नाही, तर पिंजऱ्याच्या मध्यावर खाली, झाडाच्या दाटीवर रोखली. झाड हाच पाण्याचा सर्वांत चांगला बांध. आमच्या पिंजऱ्यात मनीप्लांट आहे, छत्रीसारख्या पानांचं शेफ्लेरा आहे आणि मधोमध जास्वंद. येमेनी शॅमेलिऑन पालाही खातो. पाचू जास्वंदीची फुलं इतक्या आवडीने खातो की देवाला वाहायला एकही उरत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. दाट पाल्यावर पडलेला फवारा तिथेच मरतो, पानापानावरून उतरतो, आणि पाचूला प्यायला थेंबही तिथेच मिळतात. रिकाम्या पिंजऱ्यात तेवढंच पाणी सोडून बघा, अर्धं बाहेर येईल. झाडं वाढवणं हा पाणी अडवायचा उपाय आहे, असं कोणी सहसा सांगत नाही, पण मी तो पहिल्या क्रमांकाला ठेवीन.

तीन बाजू बंद केल्या तर हवेचं काय? इथे बाबांची झापं पुन्हा उपयोगी पडली. वरची जाळी पूर्ण उघडी आहे आणि ती कधीही झाकायची नाही. ऊब देणारा दिवा तिथेच आहे, त्याला प्लास्टिक जवळ चालत नाही. अतिनील किरणांचा दिवाही तिथेच, आणि काच किंवा प्लास्टिक मधे आलं की त्याचे उपयोगाचे किरण अडतात. ते किरण नसले तर प्राण्याला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं वाकतात. वरचा भाग उघडा, पुढच्या दाराची खालची काही इंच जाळी उघडी. दिव्याने तापलेली हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते. अगरबत्ती खालच्या फटीशी धरली की धूर आत जाऊन वर चढताना दिसतो. दुपारपर्यंत सगळी पानं कोरडी झाली पाहिजेत, हीच हवेची परीक्षा. दुपारीही पानं ओली असतील तर कुठेतरी जास्त बंद केलं आहे.

ओहायोच्या हिवाळ्यात या पडद्यांचा आणखी एक उपकार झाला. जानेवारीत घरातली हीटरची हवा इतकी रुक्ष असते की आपलेच ओठ फुटतात. उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात तेव्हा फवारा संपून थोड्या वेळात ओलावा संपलेला असायचा. तीन बाजू झाकल्यावर रात्रीचा दमटपणा पहाटेपर्यंत टिकतो. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून केलेल्या सोयीने पाचूची रात्र त्याच्या डोंगरातल्या रात्रीच्या थोडी जवळ गेली, याचं मला फार समाधान आहे.

भारतातून नातेवाईक पाचूचे फोटो बघतात आणि विचारतात, इथेही मिळेल का असा? त्यांना मी स्पष्ट सांगते. आपल्याकडे शॅमेलिऑनची एकच जात आहे, घोयरा सरडा. लहानपणी मामाच्या गावी, सोलापूरकडे, बाभळीच्या कुंपणावर मी तो बघितलाय. वाऱ्यात हलणाऱ्या पानासारखं डुलत डुलत एकेक पाऊल टाकत होता. लोक त्याला विषारी समजून दगड मारायचे. तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. परदेशी जातींचा व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतो; २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणीही भारतात सक्तीची झाली. घोयरा बघायचा असेल तर पावसाळ्यात माळरानावर जाऊन बघावा. आणि जिथे पाळायला परवानगी आहे तिथेही, पाणी-दिवे-किडे यांचा हा रोजचा व्याप जमणार नसेल तर घेऊ नये. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून निसटलेली ही येमेनी जात आज फ्लोरिडात आणि हवाईच्या माउई बेटावर मोकळ्यावर वाढते आहे. तिथल्या किड्यांनी, पाखरांनी हा पाहुणा मागितला नव्हता.

पुढचं दार तेवढं अजून पुरतं सुटलेलं नाही. ते रोज उघडावं लागतं, म्हणून त्यावर कायमचं प्लास्टिक ताणता येत नाही, आणि खालची पट्टी हवेसाठी मोकळी ठेवायलाच हवी. सध्या दाराच्या वरच्या दोन तृतीयांश भागावर चुंबकाच्या पट्टीने चिकटणारं प्लास्टिक आहे. सर पडायच्या आधी लावायचं, पानं निथळली की काढायचं. खालच्या मोकळ्या पट्टीतून काही थेंब ट्रेच्या काठापलीकडे येतात. तिथे बाबांनी सुचवलेलं मला पटलं आहे: त्या पट्टीवर बाहेरून, चौकटीपासून दोन बोटं लांब, एक छोटी तिरकी पत्र्याची पाखी बसवायची, वरची कड जाळीच्या बाजूला उंच, खालची ट्रेच्या आत. हवा पाखीच्या बाजूंनी आणि खालून शिरेल, थेंब पाखीवर आपटून परत फिरेल. ॲल्युमिनियमचा पत्रा आणला आहे, कागदावर मापं काढून बाबांना पाठवली आहेत. त्यांनी कालच उत्तर दिलं की उतार कमी पडतोय, आणखी थोडा वाढव.